गोंगाट चालू असतानाच तीन मिनिटं थांबायचं कसं: ठाणे–नवी मुंबईच्या रोजच्या धावपळीसाठी पायरीवार मार्गदर्शन

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण एकत्र बसतो. कुणी रबाळ्याला कंपनीत, कुणी वागळे इस्टेटमध्ये, कुणी घर सांभाळणाऱ्या, दोघे निवृत्त. नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार ठरलेली असते. "येऊरच्या जंगलात गेलं की बरं वाटतं, खाली पोखरण रोडला लागलं की सगळं संपतं." नाहीतर, "इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून आले, घरी आठवडाभरसुद्धा टिकलं नाही."

दोघांची चूक एकच असते. आधी शांतता मिळवायची आणि मग तिच्यात बसायचं, असा त्यांचा बेत असतो. इगतपुरीच्या शिबिरात फोन नसतो, बोलणं नसतं, जेवण वेळेवर समोर येतं. म्हणजे शांततेची सगळी व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी लावून ठेवलेली असते. घरी ती व्यवस्था नसते. मग माणूस डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसतो, शेजारी मिक्सर सुरू होतो, चिडचिड होते आणि चौथ्या दिवशी सगळं सुटतं.

खाली दिलेला क्रम वेगळा आहे. आधी वेळ आणि जागा, मग शरीर, मग आवाज, आणि श्वास सगळ्यात शेवटी. एकूण तीन मिनिटं. मी याला "थांबा" म्हणते, बसचा असतो तसा. बस थांब्यावर येते तेव्हा रस्त्यावरची रहदारी थांबत नाही, फक्त ती बस थांबते.

तयारी: इथं घाई करू नका

पहिले दोन दिवस काहीही "करायचं" नाही. एक वही घ्या आणि घरात, प्रवासात, कामावर कोणते आवाज कधी येतात ते लिहा. वेळेसकट लिहा. "सकाळी साडेसहा, वरच्या मजल्यावर बादली सरकवणं. सात, कचऱ्याची गाडी. सव्वासात, आपलाच मिक्सर. दहा ते एक, समोरच्या फ्लॅटमध्ये फरशी कापणं." हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात आणि नंतर अडतात.

यादी झाली की प्रत्येक आवाजापुढे खूण करा. आवाज तीन प्रकारचे असतात आणि तिघांशी वागण्याची रीत वेगळी आहे.

सलग आवाज: पंखा, एक्झॉस्ट, एसीचं बाहेरचं युनिट, दूरच्या हायवेची घरघर. मेंदूला बदल टिपायची सवय असते. जे बदलत नाही ते तो थोड्या वेळाने बाजूला सारतो. म्हणून हे आवाज त्रास देत नाहीत, उलट मदतच करतात. थांब्याची जागा पंख्याखाली असली तर उत्तम.

तुटक आवाज: हॉर्न, ड्रिल, दार आपटणं, कुत्र्याचं भुंकणं. प्रत्येक वेळी लक्ष तिकडे खेचलं जाणारच. ही तुमची कमजोरी नाही, शरीराची राखणदारी आहे.

बोलण्याचे आवाज: टीव्हीवरची चर्चा, शेजारच्यांचा फोन, मुलांचा ऑनलाइन क्लास. हे सर्वांत अवघड, कारण आपली भाषा कानावर पडली की अर्थ आपोआप लागतो. तो न लावणं आपल्या हातात नसतं. सुरुवातीच्या महिन्यात या आवाजांपासून लांबची जागा निवडा. हॉलमध्ये मालिका चालू असताना सोफ्याच्या कोपऱ्यात बसून प्रयत्न करणाऱ्यांना मी दरवेळी सांगते, त्यापेक्षा वॉशिंग मशीनशेजारी स्टूल टाकून बसा.

खुंटी ठरवा

"रोज सकाळी सहाला बसेन" हे ठरवणं सोपं, पाळणं अवघड. ठाण्यात सकाळी सहाला पाणी येतं, दूध येतं, डबे होतात, आणि ६:४२ ची गाडी पकडायची असते. घड्याळाऐवजी रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला थांबा टांगा. हीच खुंटी.

चांगली खुंटी रोज घडते, तुम्ही आठवण न ठेवताही घडते आणि ती घडल्यावर दोन-तीन मिनिटं हात रिकामे असतात. उदाहरणार्थ:

कुकरची शेवटची शिट्टी. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत झाकण उघडता येतच नाही. ती वेळ तुमचीच आहे. आमच्या गटातल्या सर्वाधिक बायकांची हीच खुंटी आहे आणि सर्वांत जास्त टिकलेलीही हीच.

चहा गाळून कप हातात आल्यावर, पहिल्या घोटाआधी.

दुकानाचं शटर वर केल्यानंतर, दिवा लावून झाल्यावर.

मुलांची स्कूलबस वळल्यावर, गेटवरून परत निघण्याआधी.

वाईट खुंट्याही असतात. "अंघोळीनंतर" म्हणाल तर पुढे लगेच घाई असते. "झोपण्याआधी" म्हणाल तर झोप लागते आणि आपण थांबलो की पेंगलो हे कळत नाही. "वेळ मिळेल तेव्हा" ही खुंटीच नव्हे.

एकच निवडा. दोन निवडल्या तर एक चुकली की दुसरीही सुटते, हे खूप वेळा पाहिलं आहे.

जागा आणि फोन

जागेला फार महत्त्व देऊ नका, पण ती रोज तीच ठेवा. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहूनही चालतं. खुर्ची असेल तर पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. उंच स्टुलावर लोंबकळणारे पाय नकोत. मांडी घालण्याची सक्ती नाही. गुडघे दुखत असतील तर मांडी घालूच नका, कारण मग तीन मिनिटं गुडघ्यांकडेच जातात.

फोन नुसता पालथा ठेवून भागत नाही. तो थरथरला की तुम्ही उठणार. "डू नॉट डिस्टर्ब" सुरू करा आणि घरची दोन-तीन माणसं (आई-वडील, मुलांची शाळा) अपवादात टाका, म्हणजे काही राहून जाईल ही धास्ती उरत नाही. ही धास्ती खरी असते. तिला दटावू नका, तिची सोय लावा. सोसायटीचे, शाळेचे, नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कायमचे म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. वेळ मोजायला स्वयंपाकघरातला साधा टायमर किंवा फोनचा हळू आवाजातला अलार्म पुरतो. अ‍ॅप नको. अ‍ॅप उघडायला फोन उघडावा लागतो आणि तो उघडला की वरची चार नोटिफिकेशन दिसतात.

घरच्यांना सांगा

हे न सांगितल्यामुळे कित्येकांचा थांबा मोडला आहे. लपून करायला गेलं की घरच्यांना वाटतं, रुसली आहे किंवा तब्येत बरी नाही. सरळ सांगायचं: "आई, कुकर बंद केला की मी तीन मिनिटं गॅलरीत उभी राहणार आहे. काही लागलं तर हाक मारा, मी येईन." "मला डिस्टर्ब करू नका" असं म्हणू नका. घर तुमच्यासाठी गप्प राहायला बांधलेलं नाही, आणि ते गप्प राहिलं नाही की तुमचा राग वाढतो.

> तपासणी. पुढे जाण्याआधी ही चार उत्तरं वहीत लिहिलेली हवीत: खुंटी कोणती? जागा कोणती? फोन कुठे असेल? घरात कुणाला सांगितलं? एखादं उत्तर रिकामं असेल तर आणखी एक दिवस तयारीतच घालवा.

टप्पा १: शरीर (साधारण ४० सेकंद)

डोळे मिटायची गरज नाही. नजर समोर दोन हातांवर जमिनीकडे सोडा.

तळव्यांपासून सुरू करा. चप्पल काढली असेल तर फरशीचा गारवा कळेल. वजन टाचांवर आहे की चवड्यांवर? डाव्या पायावर जास्त की उजव्या? बदलू नका, नुसतं कळू द्या.

मग जबडा. आत्ता, हे वाचताना, वरचे आणि खालचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का बघा. खाताना-गिळताना सोडले तर ते टेकलेले असायला नकोत. बहुतेकांचे टेकलेले असतात, आणि हे कळल्याबरोबर सुटतातही.

मग खांदे. "खांदे सैल सोडा" म्हटल्याने ते सुटत नाहीत. एकदा कानांपर्यंत वर उचला, क्षणभर धरा आणि एकदम खाली पडू द्या. एकदाच.

इतकंच. पोट, पाठ, कपाळ अशी मोठी फेरी मारत बसू नका. तीन मिनिटांत तिला जागा नाही.

> इशारा. ओट्याजवळ उभे असाल तर आधी गॅस बंद झाल्याची खात्री करा. दूध तापत असताना थांबा घेऊ नका.

टप्पा २: आवाज (साधारण ९० सेकंद)

सगळी पद्धत या टप्प्यावर उभी आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. आवाज हा अडथळा आहे, तो संपला की सुरुवात करू, अशी मनाची घडी बसलेली असते. इथं ती मोडायची आहे. तीस-तीस सेकंदांच्या तीन फेऱ्या करा.

पहिली फेरी, सर्वांत लांबचा आवाज. कान ताणा. घोडबंदर रोडच्या बाजूला असाल तर अवजड ट्रकची गुरगुर येईल. कळव्यात असाल तर गाडीचा भोंगा. नेरूळ-सीवूड्सला खाडीकडची खिडकी उघडी असेल तर एखाद्या वेळी नुसता वारा. लांबचा आवाज ऐकायचा तर जवळचे आवाज आपोआप मागे सरतात. त्यांना ढकलावं लागत नाही.

दुसरी फेरी, मधला पट्टा. इमारतीच्या आतले आणि आवारातले आवाज. लिफ्टचं दार, वॉचमनची शिट्टी, खालच्या मजल्यावरची फोडणी. इथं नावं ठेवायचा मोह होतो: "हा भंगारवाला, आज लवकर आला, मागच्या वेळी रद्दीला भाव कमी दिला होता…" आणि माणूस रद्दीत जातो. हे टाळायला आवाजाचा आकार ऐका. चढतोय की उतरतोय? डावीकडून उजवीकडे चाललाय का? मोटारसायकल समोरून जाताना तिचा सूर जवळ येताना उंच असतो आणि पुढे गेल्यावर खाली येतो. तो बदलण्याचा क्षण पकडायचा प्रयत्न करा. एवढं बारीक ऐकताना गोष्ट रचायला मनाला सवड मिळत नाही.

बोलण्याचा आवाज आलाच तर शब्द सोडून चाल ऐका. आपल्याला न येणाऱ्या भाषेत कुणी बोलत असेल तर जसं ऐकू येतं तसं. पहिल्या महिन्यात हे जमणार नाही. न जमल्याची खंत करू नका.

तिसरी फेरी, सर्वांत जवळचा आवाज. स्वतःचे कपडे, घड्याळाची टिकटिक, गिळण्याचा आवाज. आणि मग, बऱ्याच जणांना पहिल्यांदाच, स्वतःच्या श्वासाचा आवाज. तो ऐकू आला की तिसरा टप्पा आपणहून सुरू झालेला असतो. श्वास शेवटी ठेवण्याचं कारण हेच. आधी श्वासाला पकडायला गेलं की तो कृत्रिम होतो, ओढून-ताणून घेतला जातो. आवाजांवरून चालत त्याच्यापर्यंत गेलं की तो जसा आहे तसा सापडतो.

ड्रिल सुरू असेल तर? त्या दिवशी तीन फेऱ्या करू नका. फक्त ड्रिल ऐका, आणि मुख्य म्हणजे ते थांबतं तेव्हा काय ऐकू येतं ते ऐका. दोन घरघरींच्या मधली ती चार सेकंदं फार स्पष्ट असतात.

> इशारा. तुमच्या नावाने हाक आली तर उठा. "थांबा चालू आहे" म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसाची किंवा मुलाची हाक टाळू नका. उठलात म्हणून थांबा मोडला असं होत नाही. परत येऊन पहिल्या टप्प्यापासून एकच मिनिट करा किंवा उद्या करा.

टप्पा ३: श्वास (पाच श्वास)

नाकाने आत घ्या, मनात तीनपर्यंत मोजत. नाकानेच सोडा, पाचपर्यंत मोजत. पाच वेळा.

सोडणं लांब ठेवायचं कारण साधं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घेतलात तर हा फरक बोटांना कळू शकतो. तरुणांना जास्त स्पष्ट, वय वाढेल तसा कमी. खात्री पटावी म्हणून एकदा करून बघा, रोज करायची गरज नाही.

श्वास रोखून धरू नका. प्राणायाम येत असेल तर तो वेगळ्या वेळी करा. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आकडे सोडा, फक्त सोडणं घेण्यापेक्षा थोडं सावकाश ठेवा. गरगरलं तर मोजणं लगेच थांबवा आणि तळव्यांकडे परत या.

टप्पा ४: परत निघणं

टायमर वाजला की लगेच उठू नका. पुढचं पहिलं काम मनात नाव घेऊन ठरवा: "कुकरचं झाकण उघडणं." "शटरचं कुलूप खणात ठेवणं." मग तेच करा. पहिलं काम फोन बघणं हे नसावं. तीन मिनिटं कमावलेलं भान पहिल्या स्क्रीनला जातं, आणि मग "एवढं करून काही फरक पडत नाही" असं वाटायला लागतं. पहिल्या कामापर्यंत ते टिकलं तरी पुरे.

> तपासणी. वहीत तारखेपुढे फक्त बरोबरची खूण किंवा फुली. "आज छान लागलं", "आज मन लागलं नाही" असं लिहू नका. गुण द्यायला लागलात की कमी गुणांच्या दिवसांनंतर बसावंसं वाटत नाही.

प्रवासातला थांबा

घरचा थांबा दोन आठवडे टिकला की मगच प्रवासात न्या.

मी रोज ठाण्याहून घणसोलीला जाते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत "पुढील स्टेशन" अशी घोषणा होते: दिघागाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. चार घोषणा, चार खुंट्या. पहिलीला तळवे, दुसरीला जबडा, तिसरीला खांदे, चौथीला एक सावकाश श्वास आणि उतरायची तयारी. वाशीपर्यंत जाणाऱ्यांना पुढे कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशा आणखी चार मिळतात. मुद्दाम आठवण ठेवावी लागत नाही. रेल्वेच आठवण करून देते. दोन घोषणांच्या मध्ये काय करायचं? काही नाही. गप्पा मारा, खिडकीबाहेर बघा, हवं तर फोन बघा.

उभे असाल तर कडी घट्ट धरा, पाय खांद्यांइतके फाकवा. गाडी ब्रेक मारते तेव्हा शरीर पुढे जातं आणि पाय आपोआप सावरतात. ते सावरणं लक्षात घेणं हाच पहिला टप्पा.

सकाळच्या गर्दीत हलायलाही जागा नसते तेव्हा लांब श्वासाच्या नादी लागू नका. कोंदट हवेत जीव घाबरा होतो. तळवे आणि जबडा एवढंच करा.

> इशारे. गाडीत उभ्याने डोळे मिटू नका. दारात उभं राहून हे कधीही करू नका. बाहेरचा आवाज बंद करणारे इयरफोन प्लॅटफॉर्मवर, पुलाच्या जिन्यावर आणि रस्ता ओलांडताना कानात नकोत. एकदा मी असे इयरफोन लावून ठाण्याला उभी होते, प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा ऐकूच आली नाही, आणि मग पळत सुटलेल्या गर्दीच्या मधोमध सापडले. त्या दिवसापासून प्रवासात कान उघडे ठेवते.

टीएमटी किंवा एनएमएमटीच्या बसमध्ये, रिक्षात मागे बसून, सिग्नल हीच खुंटी. माजिवड्याच्या सिग्नलला वेळ भरपूर मिळतो. स्वतः गाडी चालवत असाल, दुचाकी असो की चारचाकी, तर थांबा घेऊच नका. चालवणं हेच पूर्ण लक्ष द्यायचं काम आहे. फार तर रेडिओ बंद करा.

ऑफिस आणि घरी परतणं

ऑफिसात लोकांसमोर संकोच वाटतो, म्हणून तिथं दिसणार नाही असंच काहीतरी हवं. मीटिंग सुरू होण्याआधी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवा, तळवे जमिनीला, एक श्वास. पुरे.

घरी परतताना लिफ्ट. दार बंद झाल्यापासून आपला मजला येईपर्यंत फोन पिशवीत. बेल वाजवण्याआधी जबडा तपासा. मुलं दार उघडतात तेव्हा त्यांना आधी आपला चेहरा दिसतो.

हमखास होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे वेळ वाढवणं. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं, मग तीनाची दहा, दहाची वीस मिनिटं होतात. एक दिवस वीस मिनिटं सापडत नाहीत आणि त्या दिवशी तीनही होत नाहीत. सहा आठवडे तीनच ठेवा. हात शिवशिवले तरी तीनच.

दुसरी चूक ओळखायला अवघड आहे: तंद्रीला शांतता समजणं. तंद्रीत उबदार, धूसर वाटतं आणि टायमर दचकवतो. भान असतं तेव्हा टायमर वाजलेला कळतो, दचकायला होत नाही. टायमर रोज दचकवत असेल तर तुमची झोप कमी पडते आहे. थांबा उभ्याने घ्या आणि रात्री अर्धा तास लवकर झोपा. झोपेची उधारी इथं फेडता येत नाही.

काही जण पावसाचे, समुद्राचे रेकॉर्ड केलेले आवाज कानात लावतात. झोप येण्यासाठी ठीक आहे. इथं मात्र त्याने दुसरा टप्पाच पुसला जातो, आणि बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेला तर कानांना इजा होते. कारखान्यांत ८५ डेसिबलला आठ तास ही धोक्याची रेषा मानतात; मिक्सरच्या जवळपासचा आवाज म्हणा. तेवढा आवाज स्वतःच्या हाताने कानात सोडू नये.

"मी नामस्मरण करते, तेच चालेल का?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. नाम घ्या, जरूर घ्या, पण वेगळ्या वेळी. थांब्यात मनात शब्द चालू राहिले तर ऐकणं होत नाही. आमच्या गटातल्या एका आजींनी थांबा आधी आणि जप नंतर असा क्रम लावला आहे, आणि आता जप घाईत होत नाही असं त्या म्हणतात.

आणि घरच्यांवर लादू नका. नवऱ्याला, सुनेला, दहावीतल्या मुलाला "तू पण कर" हे पहिले तीन महिने तोंडातून काढायचं नाही.

आवाज बेकायदा असेल तेव्हा

वरचं सगळं रोजच्या साध्या आवाजांसाठी आहे. रात्री अकराला चाललेला डीजे "स्वीकारायची" गरज नाही, आणि कुणी तसं शिकवत असेल तर ते चूक आहे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत असं क्षेत्र असू शकतं. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाही मनाई आहे.

क्रम असा ठेवा. आधी समोरासमोर, नम्रपणे, दिवसा बोला. शेजारच्या फ्लॅटच्या कामाच्या वेळा बहुतेकदा एवढ्यानेच ठरतात. मग सोसायटीच्या कमिटीला लेखी पत्र. रात्रीच्या लाउडस्पीकरसाठी थेट ११२. वेळ, ठिकाण आणि आवाजाचा प्रकार नेमका सांगा. रागात फोन करू नका. आधी जबडा सोडा, मग बोला. तक्रार स्पष्ट होते.

कधी थांबवायचं

गप्प बसल्यावर काहींना बरं वाटण्याऐवजी छाती धडधडते, जुनं काहीतरी वर येतं, घाम फुटतो. असं झालं तर डोळे पूर्ण उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या आणि त्या दिवसापुरतं सोडा. दोन-तीनदा झालं तर ही पद्धत सध्या तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांशी बोला. झोप उडाली आहे, कशातच रस वाटत नाही, जगणं नको वाटतं अशी अवस्था असेल तर वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. तीन मिनिटांचा थांबा उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

सहा आठवडे कसे घालवायचे

पहिला आठवडा: दोन दिवस यादी, एक दिवस खुंटी-जागा-फोन, उरलेले दिवस फक्त टप्पा १ आणि ४. दुसरा: टप्पा २ जोडा. तिसरा: टप्पा ३ जोडा आणि वहीतल्या खुणा मोजा. सातांपैकी चार असतील तर पुढे जा. तीन किंवा कमी असतील तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका, खुंटी चुकली आहे, दुसरी निवडा. मधेच एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. चौथ्यापासून प्रवास.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी बाहेर पडा. पहाटे कचराळी तलावाला नको, येऊरलाही नको. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तलावपाळीला जा, भर गर्दीत. तिथल्या मासुंदा तलावाच्या कठड्याशी बसा, पाण्याकडे तोंड करून. मागे रिक्षांचे हॉर्न असतील, फुगेवाल्याची पिपाणी असेल, बोटिंगच्या रांगेतली मुलं असतील. आधी तळवे, मग जबडा, मग खांदे. मग सर्वांत लांबचा आवाज शोधा. तो कोपिनेश्वराच्या घंटेचा असेल किंवा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा. तिथून हळूहळू जवळ या.